खारीचा वाटा

पाकिटावर लिहिलंय, दिवसाला दोन.
नखाएवढे चौकोन, रंग सुकटीचा, वास त्याहून जुना.
डॉक्टर मिस्किटा म्हणाल्या, हे काही औषध नव्हे,
झाला तर फायदा, तोही हळूहळू.
शिंका वाढल्या तर घेऊन या,
आणि रात्री खिडकी लावून घेत जा.

खिडकी लावून काय होणार.
माहुलकडून वारा वळला की
तो वास भिंतीतूनच आत येतो आमच्याकडे,
कधी गॅसचा, कधी नुसताच गोडसर,
जिभेच्या मुळाशी बसणारा.
चेंबूरला चौदा वर्षं झाली मला.
पाहुणे आले की विचारतात, कसला वास?
तेव्हा आठवतं.

खारी सापडली मच्छीबाजारामागे, स्कूटरच्या चाकाशी,
एक डोळा चिकटलेला, नाक वाहतंय,
अंगाचा रंग थेट बेकरीतल्या खारीसारखा.
आता डोळा उघडतो. नाक अजून तसंच.
पहाटे साडेचारला कपाटावरून शिंका,
सात, आठ, मग एक उशिराची,
राहून गेल्यासारखी.

पहिल्या दिवशी तिने चौकोन हुंगला
आणि पंजाने माती ओढावी तशी फरशी ओढली त्यावर.
दुसऱ्या दिवशी मी तो कुटून बोंबलात कालवला.
बोंबील गेला.
भुकटी ताटलीला नीट, कडेने, शिल्लक.
अडुसष्ट रुपयांचा बोंबील.

तिसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, आण इकडे.
खताच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
बॅगिंग सेक्शन.
बोलताना मध्येच थांबतात,
आपल्याला वाटतं आठवतायत काहीतरी,
ते श्वास गोळा करत असतात.
मोरीच्या उंबऱ्यावर बसले,
मला म्हणाले, तू जा, तुझ्यासमोर नाही खाणार.
मी गेले. परत आले तर ताटली कोरी,
दोघं आपापल्या दिशेला बघतायत.

त्या दिवसापासून गॅस एजन्सीच्या कॅलेंडरवर
रोज एक लाल फुली, खारीच्या नावाची.
चतुर्थी, अमावस्या, दुधाचा खाडा,
सगळ्यांच्या वर ती फुली.
आणि ड्रॉवरमध्ये त्यांचा स्वतःचा पंप,
आकडा एकशेअठरा.
दिवाळीत पाहिला होता, एकशेअठरा.
विचारलं तर म्हणाले,
मशीनच खोटं आहे ते.

साठ चौकोन. महिनाभर पुरायला हवेत.
विसाव्या दिवशी पाकीट रिकामं.
मी म्हटलं, बाबा, जास्त देऊ नका,
पोट बिघडेल तिचं.

जास्त कुठे, म्हणाले. तिला दोनच.
मग बराच वेळ गोळा करत राहिले,
श्वास असेल किंवा दुसरं काही.
एक मी खातो.
आधी मी खाल्ल्याशिवाय
तोंड लावत नाही ती.

जरा खारट, म्हणाले.
वाईट नाही.

मला हसू आलं, मग राग आला,
मग मी पोळ्या लाटत बसले नुसती.
एकतीस वर्षं ज्याने तोंडाला फडकं बांधलं नाही
तो माणूस मांजरीसाठी
रोज चव घेऊन दाखवतो.

नवं पाकीट आणलं. त्याच्या शेजारी पंप ठेवला,
झाकण काढून.
बोलले काहीच नाही. या घरात बोललं की
माणसं विरुद्ध दिशेला जातात, मांजरंसुद्धा.

आज संध्याकाळी मोरीकडून खळखळ आवाज आला,
मग एक फुस्स,
आणि खारी सुसाट कपाटाखाली.
गद्दार, सासरे म्हणाले, खोकत,
तुझं मी खाल्लं ना गं?

चौकोन दोन्ही उंबऱ्यावर तसेच.
कपाटाखालून शिंका येतायत.
मी मोजतेय. पाच.
कालच्यापेक्षा कमी असतील
किंवा मीच उशिरा सुरुवात केली
मोजायला.