ळ

देगलूर रोडला, सायकलच्या दुकानावर
आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सहा मशिनी.
चार नंबरच्या मशीनचा ळ तुटलेला,
म्हणून तिच्यावरचं पान दीड रुपयाला, बाकीच्यांवर दोन.
रेवणसिद्ध बिरादारला चार नंबरच परवडायची.

ळ आला की मी जागा सोडायची
आणि पान उतरवलं की निळ्या शाईनं
एकेक ळ हातानं भरायची.
भराभर. मागं परीक्षेच्या पोरी खोळंबलेल्या.

'जिथं तिथं तो गप्प राहतो, तो गप्प राहतो.
कामून रे? ह्याला तोंड न्हाई का?'
'अक्का, पिक्चर तिथंच तर असतोय.'
मी त्या गप्प राहण्याचेही दीड रुपयानंच लावले.
चौऱ्याहत्तर पानं, एकशे अकरा रुपये.
साठ दिले. राहिलेले मुंबईहून पाठवतो म्हणला.

मुंबईहून आधी त्याचं नाव आलं.
सहायकांच्या गर्दीत, डोळा लवायच्या आत गेलेलं.
मग संवाद. मग पटकथा, संवाद, दिग्दर्शन: आर. सिद्ध.
बिरादार कुठं गळाला, कोणी विचारलं नाही.
त्याचा भाऊ प्लास्टिकच्या बादल्या विकायचा
आणि रात्री साडेआठला शटर अर्धं ओढून
आख्ख्या गल्लीला मालिका दाखवायचा.

अकराशे भाग. मी सगळे बघितले.
एक सून जिन्यावरून पडायला लागली ती सोमवारी,
खाली पोचली गुरुवारी.
गप्प कोणीच राहत नव्हतं;
राहिलंच तर कॅमेरा तीनदा तोंडावर आदळायचा
आणि मागं कोणीतरी पत्रा बडवायचं.

एकदाच, घरातला गडी म्हणला, 'काय करलालास?'
मी ताटावरून उठले. उष्ट्या हातानं आवाज वाढवला.
दुसऱ्या दिवशी तोच गडी, 'काय करतोयस?'
रातोरात कोणीतरी त्याची जीभ
धुऊन, इस्त्री करून तोंडात परत ठेवली होती.

नगरपालिकेनं सत्कार केला तेव्हा मी सातव्या रांगेत.
'इथल्या मातीनं मला घडवलं,' माइकवर म्हणला.
हा डायलॉग पाचशे कितव्या तरी भागात सासऱ्याला होता.
पण उतरताना शालीसकट गर्दी कापत आला.
'अक्का, एक्कावन्न रुपये.' हात खिशात.
'ऱ्हाऊ दे. मशीन हाय अजून.'
'आणि ळ?'
'तो तसाच.'

गेल्या मार्चात भाच्याच्या मोबाइलवर लिंक आली.
मालिका सोडून, फ्लॅट विकून त्याने पिक्चर केलाय म्हणे,
चॅनलवाले मंद म्हणतात, थिएटरवाले फोन उचलत नाहीत.
भाच्यानं मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवून दिला.
काळा पडदा. मग नाव:
नळ येलालाय.
छापील अक्षरं सगळी. ळ मात्र निळा,
शेपूट जरा लांब ओढलेली,
माझी ओढली जायची तशी, घाईत.

गल्लीत चौदा दिवस पाणी नाही, एवढीच गोष्ट.
कोपऱ्यात सेकंद पळत होते,
माणसांच्या तोंडावर आडवं लिहिलेलं: फक्त परीक्षणासाठी.
एक म्हातारा तोटीपाशी बसतो. गप्प राहतो.
मी सेकंद मोजले. चार मिनिटं अकरा.
पत्रा कोणी बडवला नाही.
एकाही माणसाच्या जिभेला इस्त्री नव्हती.

शेवटी नावं वर सरकायला लागली
आणि लिंकची मुदत संपली.
त्या यादीत कोण होतं, मला माहीत नाही.
भाचा म्हणला परत मागवू. मी नको म्हणलं.

रात्री त्याचाच फोन.
'कसा वाटला, अक्का?'
(ती गप्प राहते.)
'अक्का?'
खाली बादल्या वाजायला लागल्या, कोणीतरी ओरडलं.
'नळ आलाय रे,' मी म्हणलं. 'ठेव. भांडी लावायचेत.'