फळी

लोंढा स्टेशनाबाहेर, केळीवाल्याच्या पलीकडं माझं दुकान.
एक खुर्ची, दीड आरसा.
उरलेला अर्धा गणपतीत फुटला,
बदलीन बदलीन म्हणत राहिला.

ये कायतान, बस.
काय म्हणालास, सरळ करू?
हुबळीहून आणलेली ट्यूब आहे खिशात, दिसली मला.
उद्या उद्यमबागला मुलाखत,
आणि तुला वाटतंय केस आडवे पडले
की साहेब उठून उभा राहील.
मान हलवू नको. खरं हस की जरा.

मी पोरगा होतो तेव्हा खानापुरातला सलूनवाला म्हणायचा,
ह्या केसांत कंगवा मोडतो, जा.
म्हणून शिकलो, थोरल्या इनासच्या डोक्यावर.
मे महिनाभर तो कानटोपी घालून हिंडला,
सर्दी झालीय म्हणाला सगळ्यांना.
कुणीतरी आपलं डोकं दिलं तेव्हा माझा हात बसला.

इथं प्रत्येक पाटी दोनदा रंगते.
हे म्हणतात कन्नडात बोल, ते म्हणतात मराठीत सांग.
भांडण जुनं, दोन्हीकडचे आपल्याच आळीतले.
आपल्याला मात्र तिसराच प्रश्न:
कुठल्या देशाचा?
परवा गोव्याच्या गाडीत टीसीनं
तुझ्याकडं पासपोर्ट मागितला म्हणे, इंग्रजीत.
तू म्हणालास, साहेब, नागरगाळीचा पास आहे, चालंल काय?
अख्खा डबा हसला.
तू हसलास का, ते कुणी बघितलं नाही.
मी आत्ता आरशात बघतोय.

रिसॉर्टवाला तीनशे देतो, पानं गुंडाळून नाच म्हणतो.
दमाम आपला आहे.
तुझ्या आईच्या लग्नात वाजला, बापाच्या मातीलाही वाजला.
पानं त्याची, त्याच्या कुंपणावरची.
कुणी बाउन्सर हो म्हणंल, कुणी भरतीत धाव म्हणंल,
खांदे बघून बोलतात लोक.
वाईट नाही त्यात काही. खरं
मी तुझे खांदे कधी बघितले नाहीत.
आयटीआयचे मास्तर दाढीला आले होते, ते म्हणाले,
केसाच्या जाडीएवढी चूक
हा पोरगा नुसत्या बोटानं ओळखतो.
केसाच्या, कायतान.
ह्याच.

वाघ आहेस असं मी तुला म्हणणार नाही.
वाघाला बायोडाटा लागत नाही.

त्या फुटक्या बाजूला भिंतीवर पेन्सिलीनं नावं आहेत, वाच.
मौलासाब, हेस्कॉम. खांबावरून उतरला की फोन करतो.
सांतान, मिरजेला ब्रदर, कायम रात्रपाळी.
भैरूच्या नावापुढं काही नाही.
दोनदा आला होता, गप्पच.
मी म्हणालो, गर्दी आहे रे, संध्याकाळी ये.
ती संध्याकाळ अजून झालेली नाही.

म्हणून तुझ्यासाठी आज सहालाच शटर वर.

झालं. बघ.
बाजूला बारीक, वर आहेत तसे,
आईच्या पोटात वळले तसे.
ट्यूब ठेव इथं, दाराच्या बिजागरीला लावतो, करकरतंय.
पैसे पहिल्या पगाराला.
आणि नाहीच झालं उद्या,
तरी महिन्यानं केस वाढायचेच. ये.

तो उठला. दारात जुजेचा धाकटा उभा,
चार वर्षांचा, पळून जायच्या बेतात.
कायतान थांबला.
कोपऱ्यातली फळी घेऊन
खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकली.
ह्याच फळीवर बसून हा माझ्या अंगठ्याला चावला होता.
तळव्यानं दाबून बघितली.
डावीकडून डुलत होती, किंचित,
वीस वर्षांत मला कधी कळलं नव्हतं.
तिकिटाच्या कागदाची घडी केली, उलगडली,
एक पदर कमी करून पुन्हा केली,
खाली सरकवली.
मग पोराला उचलून वर बसवलं
आणि बेळगावची गाडी धरायला पळाला.

पोरगं रडायचं विसरून फळीवर हलून हलून बघत होतं.
फळी हलत नव्हती.