चौकट

अर्जाच्या चौथ्या पानावर विचारलंय:
मुलांबरोबर किती तास घालवलेत? आकड्यात लिहा.

व्हर्ना हाल्केट, वय त्रेचाळीस,
ला राँजची सहा नंबरची स्कूलबस चालवते.
एकोणीस हिवाळे, सकाळ-संध्याकाळ.
बारावीला गणितात एक्कावन्न होते,
गुणाकार होईस्तोवर चहा निवून गेला.
उत्तर पाच आकडी,
चौकटीत चारच मावतात.

पुढे: एक अनुभव सांगा. पाचशे अक्षरं.

तिला टायरेल आठवला.
तिच्या सीटमागेच बसायचा,
वर्षभर तोंडातून शब्द नाही.
मग एका उणे अडतीसच्या सकाळी
काचेवरचं हिव नखानं खरवडून
त्यानं रस्त्याकडेची पाटी वाचली,
मोठ्यानं, अडखळत: सा व का श.
ती काहीच बोलली नाही.
फक्त दुसऱ्या दिवसापासून
प्रत्येक पाटीपाशी गाडी हळू घ्यायला लागली.
मुलं रोज तीन मिनिटं उशिरा.
हेडबाईंना म्हणाली, रस्ता निसरडा आहे हो.

ह्याला शिकवणं म्हणतात का?

लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
एकशे बारा अक्षरं जास्त.
थंडी काढली. हेडबाई काढल्या.
टायरेलचं नाव काढलं, नियमच आहे तसा.
उरलं ते असं:
तो वाचत होता, म्हणून मी गाडी हळू केली.

मुदतीला आठ मिनिटं असताना बटण दाबलं.
"एकोसी," ती पुटपुटली,
क्रीमध्ये, म्हणजे झालं, इतकंच.
मग पार्का चढवून अंगणात गेली,
बसच्या इंजिनाला लावलेली हीटरची वायर
नीट खोचलीय ना, बघायला.