किनुएची मापं

किनुए ओकुमोतो पूर्वी शाळेचे गणवेश शिवायची.
शेवटचे दोन, एकाच घरातल्या जुळ्यांचे.
मग शाळेला कुलूप लागलं.
आता ती भुंगेरे मोजते.

सुगीच्या रानात (सुगी इथे झाडाचं नाव,
उंच, सरळ, वर्षभर हिरवं)
दर दहा पावलांवर जमिनीत काठापर्यंत पुरलेला कागदी पेला,
तळाशी बोटभर व्हिनेगर.
रात्री चालणारे त्यात पडतात.
उडता येत नाही त्यांना. पाठीवरची झाकणं
कधीच्या काळी एकमेकांना चिकटून गेली.

सकाळी चहाच्या जुन्या गाळणीतून ती रात्र गाळते,
वर्तमानपत्र पसरते
आणि कॅलिपरच्या दातांत एकेक देह धरते.
एकतीस. बावीस. तीस.
बावीसला किंचित वर. पुन्हा बावीस.

"मधलं कुणी नाही," विद्यापीठातला तोमोयासु म्हणतो,
"ओढा एक, गांडुळं तीच, खाणाऱ्या जाती दोन.
म्हणून एक लहान राहिली, एक मोठी.
चुकून जोडी जुळलीच
तर आत काहीतरी मोडतं."
खिंडीपलीकडे लहान जात एकटीच आहे.
तिथे ती सव्वीस भरते.

किनुएला हे समजावून सांगावं लागत नाही.
तीन बहिणी, एक खोली, ती मधली.
ओसाकाच्या गिरणीत एक वर्ष एकटी राहिली,
तेव्हा पाय लांब करून झोपली,
आणि परतली तर आईला
तिचा झगा खांद्यात उसवावा लागला.

ऑक्टोबरात, सतराव्या पेल्यात, एक निघाला.
सव्वीस.
कॅलिपर पुसून पुन्हा.
सव्वीस.
खिंड ओलांडून चालत आला म्हणावं, तर एवढ्याशा पायांनी?
की इथलाच, कुणाच्या तरी चुकलेल्या जोडीचा?

तिचं नख सवयीनं त्याच्या पाठीवरच्या शिवणीत गेलं.
गणवेशात ती दोन बोटं माया सोडायची,
पोर वाढेल म्हणून.
इथे शिवण आहे, मधोमध, कुठल्याही मशिनीहून सरळ,
आत माया नाही.
वाढायचं ते अळीपणीच वाढून घ्यायचं,
कवच चढलं की माप ठरलं.

तक्त्यात दोन रकाने: लहान, मोठा.
किनुएनं पट्टी घेतली
आणि त्यांच्या मधल्या रेघेवरच,
पेन्सिलीनं, खोडता येईल असं,
लिहिलं: सव्वीस.