टंच

फोटो काढायचा म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघितलंच नाही.
हनुवटी इथं. कपाळ पट्टीला टेकवा.
हिरव्या ठिपक्यावर नजर. पापणी नको.
कार्डावरचं नाव वाचलं, हिंदुराव बाबर, मग थबकून,
"गाव कुठलं?"
पारे. विट्याजवळ.
"मी हर्णैची. शमीम मुकादम."
मनामाच्या त्या गारठलेल्या खोलीत
आम्ही जरा वेळ मराठीत बसलो.

मग लख्ख. एकदा उजवा, एकदा डावा.

पडद्यावर आला तो माझा डोळा आहे,
हे मला तिनं सांगावं लागलं.
मला वाटलं, मूस.
चौदाव्या वर्षी मामाच्या मागं बरेलीला गेलो
तेव्हापासून रोज वाकून बघतोय तोच रंग,
शेंदरी, कडेला धुरकट,
आणि एका अंगाला फिकट गोळा,
टाकणखार वर येऊन सोनं खाली निवळतं तसा.
त्यातून फुटलेल्या लाल फांद्या मात्र नवीन.
ओढ्याकाठची बाभूळ, पानं झडलेली.

शमीमनं पेनाचं टोक लावलं.
हे बारके ठिपके, इथं नस फुगलीय.
हा डाग, इथं रक्त झिरपलंय.
आणि हे पिवळे कण, नस गळते त्याचा साका.
म्हटलं, पिवळं निघालं तर आमच्याकडं पेढे वाटतात.
ती हसली नाही.
शेजारी गेल्या वर्षीचा फोटो लावला.
तेव्हा डावीकडं तीन. आता मोजा.
मी मोजले. अकरा.
परत मोजले, कारण वजन आम्ही दोनदा करतो.

माझा धंदा केराचा.
सोनारांच्या गाळ्यातली झाडलोट विकत घ्यायची,
जुनी सतरंजी जाळायची, राख धुवायची,
हात धुतलेलं पाणीसुद्धा सोडायचं नाही,
आणि त्या घाणीतून तोळा, दीड तोळा उठवायचा.
ही बाई उलटी बसलीय.
सगळं सोन्यासारखं झळाळतंय
आणि ती त्यातला केर वेचतेय.

"पण मला दिसतंय की," मी म्हटलं,
"भट्टीचा रंग बघून टंच सांगतो अजून."
"दिसतंय तोवरच काढायचा असतो फोटो," ती म्हणाली,
आणि खुर्चीची हनुवटीची जागा पुसायला लागली.
डॉक्टर बघतील. लेझर म्हणतील, किंवा सुई,
किंवा नुसतं साखर आवरा, आणि परत या.

बाहेर बाब अल बहरीनच्या चौकात
ऊन थेट आत शिरलं, दार सताड उघडं होतं ना,
थेंब घालून उघडलेलं.
कमानी, गाड्या, पाट्या, सगळं पांढरंफेक,
मुशीतून ओतताना सांडलं तर होतं तसं.
अरबाबला फोन केला, आज भट्टी नाही.
तो म्हणाला, बरं वाटत नाही का?
म्हटलं, बरंच वाटतंय, तीच तर गोची.

टपरीच्या सावलीत करक चहा, बिनसाखरेचा.
पोऱ्यानं दोनदा विचारलं, बिनसाखरेचा?

वत्सलाला साखरेचं सांगितलेलं नाही.
सहा वर्षं झाली.
डाव्या डोळ्याचा फोटो मोबाइलवर होता,
का कोण जाणे, पाठवून दिला, खाली काही न लिहिता.
तिचा आवाज आला लगेच,
"अगंबाई, केवढं सुरेख! पदक का?
लाल खडे आहेत ना मधनं? किती तोळ्याचं?"

लिहायला गेलो तर जवळची अक्षरं फुटलेली.
बोलायचं बटण दाबून धरलं
आणि धरूनच राहिलो.
चहावर साय आली.

खिशात शमीमनं दिलेली चिठ्ठी आहे,
चार महिन्यांनंतरची तारीख आहे तिच्यावर.
कुठली, ते संध्याकाळपर्यंत वाचता येईल.