एका माशाचं जाळं

बोलुम्बू डावा हात पुढे करते.
"उजव्याची शीर दडून बसते. माझ्यासारखीच, हट्टी."
मोंगाला नदीच्या काठी मोटारसायकल चिखलात तिरपी,
बर्फाचा डबा माझ्या मांडीवर.
बेचाळीस वर्षांपूर्वीचा ताप मोजायला आलोय मी
आणि ती विचारते, जेवलास का.

तेव्हा ती अठराची.
विषाणूनं आधी पहारेकऱ्यांनाच गाठलं,
त्यांच्याच झोपडीत शिरून तोंडावर हात ठेवला.
पाच दिवस अंगात कुणी हाकच मारली नाही.
सहाव्या दिवशी सगळे एकदम ओरडत सुटले,
पेटवत सुटले,
कुठलं घर त्याचं, कुठलं आपलं, कुणी बघेना.
रक्तानं स्वतःचेच बांध फोडले
आणि हिरड्यांतून वाट काढली.

शेजारच्या चटईवर एसांगू, तिचा नवरा.
नवव्या दिवशी गेला.
त्याच्याही रक्तात कुणीतरी गाठी मारायला बसलं असणार,
एवढं मला शिकवलंय.
सूत हातात होतं. रात्र पुरली नाही.

तिला पुरली.
का, ते विचारू नका,
किन्शासातले मोठे डॉक्टरही खांदे उडवतात.
पेशींनी हजार गाठी मारल्या, हजार सोडल्या,
एक बसली.
त्या एकाच माशाच्या कल्ल्यांच्या मापाची.

मग जगणं.
म्हणजे चटईवर केसांचे पुंजके, गुडघ्यांत वाळू,
बाजारात तिच्या माशांवर फक्त माश्या.
दुसऱ्या वर्षी उजवा डोळा दुधाळला.
डोळा नाजूक; तिथं शरीर
आपल्याच माणसांना दांडगाई करू देत नाही.
तेवढ्या शांततेत तो लपला असेल.
असेल, म्हणतो मी. तेव्हा तपासलं कुणी?

तीन महिन्यांनी निकाल घेऊन परत आलो.
आहे अजून. विरळ झालंय, पण आहे.
हाडांच्या पोकळीत काही पेशी जाग्या बसल्यात,
रोज तेच जाळं विणतायत
तिच्या पाण्यात पुन्हा न आलेल्या माशासाठी.
(एसांगूचा चेहरा आता आठवत नाही, असं तीच म्हणाली होती.
शिट्टी वाजवायचा, वाईट वाजवायचा, एवढंच.)

ती पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून
खरंखुरं जाळं सांधत होती, डाव्या डोळ्याच्या भरवशावर.
बराच वेळ काही बोलली नाही.
"म्हणजे हाडं झोपत नाहीत होय.
मला वाटायचं, म्हातारपण."

दातानं दोर तोडला.
"त्यांना सांगता येतं का, आता पुरे म्हणून?"
नाही, म्हटलं. माझ्याकडे तसलं औषध नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचं भोक शोधायला लागली.
"पलीकडच्या गावात कुणी तापलं
तर रात्री-बेरात्री ये.
मी जागीच असते."