खालचा सूर

माझं दुकान खुरसाच्या समोरच, रस्ता ओलांडला की.
मेणबत्त्या, तेल, काड्यापेट्या मीच देतो लादाइनीला,
त्यामुळे मी त्यांचा नाही, तरी अगदीच परकाही नाही.

बेर्नाबे कोपेलाच्या कौलांचे पैसे घेऊन गेला
त्या सालापासून लोटलीच्या ह्या वाड्यावर
लादाइन एका पायावर उभी होती.
वरचा सूर बायका धरायच्या, लख्ख, ताणलेला.
खालचा एकट्या बेर्नाबेचा,
विहिरीत घागर बुडावी तसा.
तो गेल्यावर मेस्त ज्योकीमनं कुणालाच शिकवला नाही.
त्या जागी व्हायोलिन नुसतं हनुवटीशी धरून थांबायचा,
मग पुढच्या नावाला जायचा.
कुणी विचारलं तर म्हणे, तार तुटलीय.
सात वर्षं तीच तार.

काय काय बोललं गेलं ह्या सात वर्षांत
ते मी ऐकलंय, सुटे पैसे मोजताना.
पियेदादनं तर बांगडी दिली होती कौलांसाठी.
कोपेल गळायचं ते बरोबर तिच्याच बाकावर.
ती छत्री उघडून मिसाला बसायची
आणि पाद्रीही काही म्हणत नसे.

ह्या मे महिन्यात, खुरसाच्या फेस्ताला,
फणसामागं कुणीतरी उभं होतं.
आधी वाटलं, दारुडा.
पण शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली
आणि चपला काढून हातात.
सायबिणीची नावं सुरू झाली,
तिसऱ्या की चौथ्या 'ओरा प्रो नोबिस'ला
झाडामागून खालचा सूर आला,
गंजलेला, अर्ध्यातच बसणारा.

एकानंही मान वळवली नाही.
मी दुकानातून पाहिलं म्हणून सांगतो,
पस्तीस-चाळीस माना होत्या
आणि प्रत्येकीला वळायचं होतं.

ज्योकीमनं मात्र मध्येच गज थांबवला,
एकेक खुंटी पिळली,
अख्खी लादाइन एक पट्टी खाली आणली,
सायबिणीलाच पायरी उतरायला लावली म्हणा ना,
थकल्या गळ्याला पोचता यावं म्हणून.
बायका कुरकुरल्या असतील. पण उतरल्या.

मग उकडलेले चणे वाटले, खोबऱ्याच्या कातळ्या घालून.
वाटणारा पोर फणसाशी थबकला.
त्याला गोष्ट ठाऊक होती, माणूस नव्हता.
पियेदाद उठली. वाटलं, आता बांगडी निघणार.
तिनं पोराच्या हातून डाव घेतला,
बेर्नाबेच्या ओंजळीत रिकामा केला, सांडेपर्यंत,
आणि म्हणाली, "कोपेल अजून गळतंय.
शिडी माझ्याकडं आहे. सोमवारी ये."

रात्री दुकान बंद करताना वही काढली.
त्याच्या नावावर एकशे चाळीस, मेणबत्त्यांचे.
खोडले नाहीत. मी काही पियेदाद नाही.

पण सोमवारी सकाळी तो खिळे मागायला आला
तेव्हा खिळे दिले, मोजून दोन मुठी,
आणि लिहायला पेन सापडलं नाही.